‘दिवसाला एक तास’ हा आकडा आला कुठून?

मागच्या दिवाळीत ताईकडे पुण्याला गेले होते. भाचा तीन वर्षांचा. समोर मोबाइलवर गाणी लागल्याशिवाय वरणभाताचा घास तोंडात घेत नाही. ताई आणि भाऊजी दोघं नोकरीला, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा मुलगा ताईच्या सासूबाईंकडे. आम्ही त्यांना काकू म्हणतो. काकूंचे गुडघे दुखतात, मुलगा घरभर पळतो, त्यामुळे भरवताना मोबाइल हाच त्यांचा आधार.

सगळे जेवायला बसलेले असताना ताईने मला विचारलं, “तू पीएचडी करतेस ना गं? मग सांग, किती वेळ मोबाइल दिला तर चालतो?” मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, “दिवसाला एक तास. त्याच्यावर नाही. डब्ल्यूएचओ सांगतं.”

काकूंनी चमचा ताटलीत ठेवला. “मग उद्यापासून तूच भरव त्याला,” एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. ताई संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. रात्री भांडी आवरताना शेवटी तिने विचारलं, “एक तासच का? पन्नास मिनिटं का नाही? दीड तास झाला तर नेमकं काय होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, सध्या विज्ञानाच्या इतिहासात पीएचडी करतेय. ज्या आकड्याच्या जोरावर मी एका बाईला तिच्याच घरात अपराधी ठरवलं, तो कुठून आला हे मला माहीत नव्हतं. हा लेख त्या रात्रीच्या प्रश्नातून सुरू झालेल्या शोधाबद्दल आहे. तुम्ही नेट-सेटची किंवा पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत असाल, तर एखाद्या प्रचलित आकड्याचा माग उलट दिशेने कसा काढायचा याचं उदाहरण म्हणूनही तो वाचा.

आधी घड्याळ कोणाच्या हातात होतं?

आपण धरूनच चालतो की मुलाला किती वेळ पडद्यासमोर बसू द्यायचं हे आईवडिलांनी ठरवायचं. पण टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात तसं नव्हतं. ब्रिटनमध्ये १९५७ सालापर्यंत संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा. मुलांचे कार्यक्रम सहाला संपायचे, मोठ्यांचे सातला सुरू व्हायचे. मधल्या तासात आयांनी लहानग्यांना झोपवावं आणि मोठ्या मुलांना अभ्यासाला बसवावं अशी अपेक्षा. या प्रथेला नाव पडलं होतं ‘टॉडलर्स ट्रूस’, म्हणजे चिमुरड्यांसाठीचा तह.

हा तह मोडला तो कुठल्या संशोधनामुळे नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहिरातींवर चालणारा आयटीव्ही सुरू झाला. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला रोजचा एक तास पडदा काळा ठेवणं परवडणारं नव्हतं. त्या वेळचे पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल यांचंही म्हणणं होतं की मुलांना झोपवणं हे पालकांचं काम, सरकारचं नव्हे. १६ फेब्रुवारी १९५७ पासून तो तास खुला झाला. त्याच संध्याकाळी बीबीसीने ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ हा तरुणांसाठीचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला.

ही घटना छोटी वाटेल, पण माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच आहे. घड्याळ प्रसारकाच्या हातातून निघालं आणि घरात आलं. आणि घरात कोणाच्या हातात आलं? जे माणूस मुलाजवळ असतं त्याच्या. बहुतेक वेळा आईच्या, नाहीतर आजीच्या.

आपल्याकडे हेच जरा उशिरा आणि वेगळ्या वाटेने घडलं. दिल्लीत टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढची कितीतरी वर्षं एकच वाहिनी, तीही ठरावीक वेळ. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्याकडे चाळीतली सगळी मुलं. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांचा ‘स्क्रीन टाइम’ कोण ठरवायचं? उत्तर येईल दूरदर्शन, वीज आणि शेजारच्या काकूंचा मूड. १९९१-९२ नंतर केबल आली, चोवीस तास वाहिन्या आल्या. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. म्हणजे आपल्याकडे बाहेरून लागणारी मर्यादा दोन टप्प्यांत गेली आणि दोन्ही वेळा तिची जागा घरातल्या कुणाला तरी घ्यावी लागली.

आणखी एक गोष्ट, आपण सहसा विसरतो ती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांमध्ये टीव्ही पोहोचवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी चार भाषांत कार्यक्रम असत, प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटं. तेव्हा प्रश्न होता की मुलापर्यंत पडदा पोहोचवायचा कसा. आज प्रश्न आहे की मुलापासून तो लांब कसा ठेवायचा. प्रश्न बदलला की मोजमाप बदलतं, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

पहिले मोठे अभ्यास: मिनिटांपेक्षा ‘कशाच्या जागी?’

मुलं आणि पडदा या विषयावर संशोधन मोबाइलच्या खूप आधीपासून चालू आहे. अमेरिकेत १९२९ ते १९३२ या काळात ‘पेन फंड स्टडीज’ झाले. तेव्हाची काळजी होती सिनेमाची. झोप, भीती, गुन्हेगारी, वागणूक, सगळं तपासलं गेलं. आजची काळजीची यादी त्याच्या शेजारी ठेवून पाहा, फारसा फरक दिसत नाही.

टीव्हीवरचा पहिला मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. हिल्डे हिमेलवाइट आणि सहकाऱ्यांचं ‘टेलिव्हिजन अँड द चाइल्ड’ हे पुस्तक १९५८ साली आलं. पद्धत म्हणून हा अभ्यास मला फार आवडतो. लंडन, पोर्ट्समथ, सन्डरलँड आणि ब्रिस्टल या शहरांत १०-११ आणि १३-१४ वर्षांच्या मुलांच्या जोड्या लावल्या. एक टीव्ही असलेल्या घरातला, दुसरा नसलेल्या घरातला, पण वय, बुद्धिमत्ता, सामाजिक स्तर सारखा. शिवाय नॉर्विचमध्ये टीव्ही नुकता पोहोचत होता, तिथे आधी आणि नंतर अशी दोनदा पाहणी केली.

नॉर्विचची गरज का पडली? कारण टीव्ही विकत घेणारं घर आणि न घेणारं घर मुळातच वेगळं असू शकतं. मग मुलांमध्ये दिसणारा फरक टीव्हीचा की घराचा? हा प्रश्न १९५८ साली ज्यांनी गांभीर्याने घेतला, त्यांच्या पुढे जाऊन आपण तो अनेकदा विसरतो.

त्यांना काय सापडलं? मुलं आठवड्याला साधारण ११ ते १३ तास टीव्ही बघत होती, म्हणजे दिवसाला दोन तासांच्या आत. टीव्हीने सगळंच खाऊन टाकलं नव्हतं. जे त्याच्यासारखंच काम करत होतं त्याची जागा त्याने घेतली होती: रेडिओ, सिनेमा, कॉमिक्स. पुस्तकवाचन सुरुवातीला घटलं आणि नंतर बरंचसं पूर्ववत झालं. म्हणून त्यांचा मुख्य प्रश्न ‘किती तास’ एवढाच राहिला नाही. ‘हे तास कशाच्या जागी आले’ हा प्रश्न पुढे आला.

हीच कल्पना पुढे कॅनडात एका विलक्षण संधीमुळे तपासता आली. ब्रिटिश कोलंबियात एक गाव दरीत वसलेलं असल्यामुळे तिथे टीव्हीच येत नव्हता. १९७३ साली तो येणार हे कळल्यावर टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या गटाने घाईघाईने आधीची नोंद घेतली आणि दोन वर्षांनी परत मोजणी केली. तुलनेला दोन गावं: एकात एकच वाहिनी, दुसऱ्यात अनेक. गावांना टोपणनावं दिली, नोटेल, युनिटेल आणि मल्टिटेल. १९८६ साली पुस्तक आलं. टीव्ही आल्यावर नोटेलमधल्या मुलांची आक्रमकता वाढली, सर्जनशीलतेच्या चाचणीतले गुण घसरले, आणि लहान इयत्तांमध्ये वाचनाचा सफाईदारपणा कमी झाला. गावातल्या कार्यक्रमांना येणारी माणसंही कमी झाली.

याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. संशोधकाने टीव्ही वाटला नव्हता, डोंगराने अडवला होता. असा प्रयोग आयुष्यात एखाद्यालाच मिळतो, तेही तो ओळखायला तयार असेल तर. पण एक मर्यादाही बघा. नोटेल एकच गाव. त्या दोन वर्षांत तिथे आणखी काही बदललं असेल तर ते टीव्हीपासून पूर्णपणे वेगळं काढता येत नाही.

तास हे एकक कसं झालं?

मग ‘किती तास’ हा प्रश्न पुढे कसा आला? मला सापडलेलं उत्तर आहे लठ्ठपणा.

१९८५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात विल्यम डिट्झ आणि स्टीव्हन गोर्टमेकर यांचा निबंध आला. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन आरोग्य पाहणीचे आकडे वापरून त्यांनी दाखवलं की १२ ते १७ वयोगटात टीव्हीच्या रोजच्या प्रत्येक जादा तासागणिक लठ्ठपणाचं प्रमाण सुमारे २ टक्क्यांनी वाढतं. इथे टीव्ही औषधासारखा झाला आणि तास ही त्याची मात्रा. डॉक्टरांना ही भाषा लगेच कळते. आणि १९९० साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, सल्ला दिला की मुलांचा टीव्ही दिवसाला एक ते दोन तासांवर ठेवावा.

आता जरा थांबा आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यासारखा विचार करा. प्रत्येक जादा तासागणिक धोका तेवढाच वाढत असेल तर आलेख सरळ रेषेचा होईल. सरळ रेषेवर ‘इथपर्यंत ठीक, इथून पुढे वाईट’ असा बिंदू नसतोच. म्हणजे दोन तासांची रेघ आकड्यांनी ओढलेली नाही. ती समितीने ओढली: त्या काळची मुलं किती बघतात, किती कमी करणं शक्य आहे, आणि दवाखान्यात पाच मिनिटांत आईला काय सांगता येईल, याचा विचार करून. यात गैर काही नाही. रस्त्यावरची ६० ची वेगमर्यादाही अशीच ठरते, ६१ ला अपघात नक्की होतो असं तिचं म्हणणं नसतं. फक्त शिफारस आणि शोध यांतला फरक आपल्याला कळला पाहिजे. जेवणाच्या पानावर मला तो कळला नव्हता.

गंमत बघा. १९५० च्या दशकात ब्रिटिश मुलं सरासरी जेवढा टीव्ही बघत होती आणि ज्याची तेव्हाच्या समाजाला चिंता वाटत होती, जवळपास तेवढाच वेळ १९९० मध्ये अमेरिकेत ‘सुरक्षित मर्यादा’ झाला.

१९९९ साली त्याच अमेरिकन संघटनेने आणखी एक पाऊल टाकलं: दोन वर्षांखालच्या बाळांना टीव्ही नकोच. आदल्याच वर्षी ‘टेलिटबीज’ अमेरिकेत आला होता, बाळांसाठीच्या व्हिडिओ कॅसेटींचा बाजार सुरू झाला होता. पण एवढ्या लहान मुलांवर टीव्हीचा थेट अभ्यास तेव्हा फार थोडा होता. शिफारशीचा मुख्य आधार होता तो म्हणजे बाळाच्या मेंदूच्या वाढीला माणसांशी प्रत्यक्ष देवाणघेवाण लागते, हा. तर्क पटण्यासारखा आहे, पण तो तर्क होता.

त्याच वर्षी थॉमस रॉबिन्सन यांचा प्रयोग ‘जामा’मध्ये आला. मला वाटतं या सगळ्या इतिहासात घरातल्या माणसाला सर्वात उपयोगी पडेल असा हा निबंध आहे. सॅन होजे शहरातल्या दोन शाळा, तिसरी-चौथीची १९२ मुलं. एका शाळेत सहा महिन्यांत १८ धडे घेतले. आधी दहा दिवस टीव्ही पूर्ण बंद, मग आठवड्याला सात तासांचं बजेट. दुसऱ्या शाळेत काहीच नाही. वर्षाअखेर पहिल्या शाळेतल्या मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी वाढलं होतं. आता महत्त्वाचं: ही मुलं जास्त खेळायला लागली का? तसा ठोस फरक दिसला नाही. ठळकपणे बदललं ते दोनच. टीव्ही बघणं कमी झालं आणि टीव्हीसमोर बसून जेवणं कमी झालं.

हे वाचताना मला काकूंची ताटली आठवली. मी तासांवर बोलत होते आणि प्रश्न कदाचित जेवणाचा होता.

एकच माहिती, दोन निष्कर्ष

२००४ साली दिमित्री ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वयाच्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी जास्त टीव्ही बघणाऱ्या मुलांमध्ये सातव्या वर्षी लक्ष न लागण्याच्या तक्रारी जास्त होत्या. सुमारे तेराशे मुलांची माहिती होती. जगभर बातम्या झाल्या. निबंधात लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं की हे एडीएचडीचं निदान नाही, मुलं काय बघत होती ते माहीत नाही आणि कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. बातमीत ते शिल्लक राहिलं नाही.

२०१० साली फॉस्टर आणि वॉटकिन्स यांनी तीच माहिती परत तपासली. आईची शैक्षणिक क्षमता आणि घरची गरिबी हिशेबात घेतल्यावर संबंध टिकेना. दिवसाला सात किंवा जास्त तास बघणाऱ्या मुलांपुरताच काहीसा उरला.

याचा अर्थ टीव्ही निरुपद्रवी असा नाही. अर्थ इतकाच की जे घर दमलेलं आहे, पैशाने ओढलेलं आहे, जिथे मुलाजवळ बसायला माणूस नाही, तिथे टीव्हीही जास्त चालतो आणि मुलाच्या बाकीच्या अडचणीही जास्त असतात. पडद्याचे तास मोजताना आपण नकळत त्या घरातल्या मनुष्यबळाची कमतरता मोजत असतो.

२०१९ साली एमी ऑर्बन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी किशोरवयीन मुलांबद्दल असंच काम केलं. तीन मोठ्या पाहण्यांतली साडेतीन लाखांहून जास्त मुलं घेऊन त्यांनी विश्लेषणाच्या शक्य त्या सगळ्या वाटा चालून पाहिल्या. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांशी जोडता आला. बटाटे खाण्याचा संबंधही साधारण त्याच पातळीचा निघाला. पण हा निष्कर्ष तीन वर्षांच्या मुलाला लावू नका, आणि सरासरी लहान म्हणजे प्रत्येक मुलाला शून्य असंही समजू नका.

मोजतो ते नेमकं काय?

‘स्क्रीन टाइम’ हा शब्द आधी सिनेमावाल्यांचा, नटाला पडद्यावर किती वेळ मिळाला तो. मुलाने पडद्यासमोर घालवलेला वेळ हा अर्थ नंतरचा. आता या एका शब्दात काय काय येतं बघा: आजोबांशी व्हिडिओ कॉल, ऑनलाइन शाळा, एकट्याने बघितलेले रील्स, आईच्या मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट. हे सगळं एका आकड्यात बेरीज करणं म्हणजे पोळी, पाणी आणि गोळी यांचं एकत्र वजन करून ‘तोंडावाटे घेतलेलं’ असं लिहिण्यासारखं आहे.

शिवाय हे मोजलं कसं जातं? बहुतेक अभ्यासांत पालकांना विचारून. २०२० साली जेनी राडेस्की यांच्या गटाने लहान मुलं वापरत असलेल्या फोन-टॅबची प्रत्यक्ष नोंद घेतली आणि पालकांच्या अंदाजाशी ताडून पाहिली. बहुसंख्य पालकांचा अंदाज चुकला. साधारण एक तृतीयांशांनी कमी सांगितलं, साधारण तेवढ्यांनीच जास्त. चूक एकाच दिशेची असती तर दुरुस्त करता आली असती. दोन्ही दिशांची असेल तर ती खऱ्या संबंधाला धूसर करते.

एकच वर्ष, दोन सल्ले

२०१६ मध्ये अमेरिकन संघटनेने नियम सैल केले: दीड वर्षाखाली व्हिडिओ कॉल सोडून बाकी नको, दोन ते पाच वर्षांना दिवसाला एक तास चांगला कार्यक्रम, तोही मोठ्यांसोबत, आणि त्यापुढे प्रत्येक कुटुंबाने आपली योजना करावी.

२०१९ हे वर्ष तर अभ्यासकाने भिंतीवर लावून ठेवावं असं. जानेवारीत ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सांगितलं की ठरावीक तासांची मर्यादा देण्याइतका पुरावा नाही. त्याऐवजी घराने स्वतःला चार प्रश्न विचारावेत: पडद्याचा वापर आपल्या ताब्यात आहे का? घराला जे करायचंय त्याच्या आड तो येतो का? झोपेच्या आड येतो का? पडद्यासमोरच्या खाण्यावर आपला ताबा आहे का? काही महिन्यांनी डब्ल्यूएचओने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: दोन वर्षांखाली नाही, दोन ते चार वर्षांना बसून बघण्याचा वेळ एक तासाच्या आत. आणि त्याच दस्तऐवजात शिफारस ‘भक्कम’, पण पुराव्याचा दर्जा ‘अतिशय कमी’ असं स्वच्छ लिहिलं आहे.

दिवाळीत मी जे छातीठोकपणे सांगितलं होतं, त्याच्याशेजारी हे वाक्य होतं. मी मूळ दस्तऐवज उघडलाच नव्हता.

दोन संस्था भांडत होत्या का? तसं नाही. डब्ल्यूएचओचा प्रश्न होता की लहान मुलाचे चोवीस तास हालचाल, बसणं आणि झोप यांत कसे वाटले जावेत. ब्रिटिश डॉक्टरांचा प्रश्न होता की पडद्यामुळे इजा होते का, आणि किती वेळानंतर. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

आपल्याकडे त्यानंतर वर्षभरात कोविड आला. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास सुचवले होते. म्हणजे सरकार एकाच वेळी पडदा देत होतं आणि मोजूनही देत होतं. पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचनांत दोन वर्षांपर्यंत नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडून काही नको, दोन ते पाच वर्षांना एक तास, पाच ते दहा वर्षांना दोन तासांच्या आत असं सांगितलं.

सांगलीचा भोंगा

याच २०२२ सालची आणखी एक गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरून भोंगा वाजेल. वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा, मग सगळं पुन्हा सुरू.

ब्रिटनने १९५७ मध्ये सोडून दिलेला तास एका मराठी गावाने पासष्ट वर्षांनी परत आणला. पण फरक बघा. ब्रिटनमध्ये फक्त प्रसारण थांबत होतं. इथे नियम मोठ्यांनाही लागू आहे, आणि ‘बंद कर’ हे एकट्या आईला किंवा आजीला म्हणावं लागत नाही. ते भोंगा म्हणतो. यातून मुलांचे गुण किती वाढले, मला ठाऊक असलेला असा काही मोजका पुरावा मी देऊ शकत नाही. पण घड्याळाचं ओझं कोणी उचलायचं या जुन्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर मला अनेक मार्गदर्शक सूचनांपेक्षा शहाणं वाटतं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

पहिली: कुठलाही गोल आकडा दिसला की विचारा, हा मोजून आला की ठरवून आला? दोन्ही चालतात, पण दोन्ही सारखे नसतात.

दुसरी: शिफारस उद्धृत करायची तर मूळ दस्तऐवज उघडा आणि पुराव्याचा दर्जा वाचा. सारांशावर आणि बातमीवर विसंबू नका. मी विसंबले, किंमत काकूंनी दिली.

तिसरी: एककाकडे संशयाने बघा. तास मोजणं सोपं आहे म्हणून आपण तास मोजतो. सोपं मोजमाप आणि महत्त्वाची गोष्ट एकच असेल असं नाही.

चौथी: तुमच्या माहितीत न दिसणारा माणूस शोधा. मुलांच्या पडद्यावरच्या शेकडो निबंधांत ‘पालक’ असा एकच शब्द येतो. गुडघे दुखणारी आजी त्या शब्दात मावत नाही.

ताईला मी काय सांगितलं

संक्रांतीला पुन्हा गेले. आधी काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अगं, तू खोटं नव्हतीस बोलत. पण मला कुठे हौस आहे मोबाइल धरायची?” मग आम्ही चौघं बसलो आणि तास मोजायचे नाहीत असं ठरवलं. ब्रिटिश डॉक्टरांचे चार प्रश्न मी मराठीत लिहून फ्रिजवर लावले. झोपायच्या आधी तासभर मोबाइल नाही, हे सगळ्यांना, भाऊजींनाही. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र आणि पडद्याशिवाय, भरवायचं काम भाऊजींचं. दुपारचं जेवण मात्र काकूंच्या हातात. तिथे गाणी लागली तर लागली, वीस मिनिटांचा तो आधार त्यांच्याकडून काढून घ्यायचा नाही.

पहिला आठवडा भयंकर गेला. भाच्याने दोनदा ताटली उलटी केली, भाऊजी एकदा चिडून उठून गेले. आता रात्रीचं जेवण बऱ्यापैकी होतं. दुपारी अजूनही मोबाइल लागतो.

“म्हणजे दिवसाला किती झाला गं?” ताईने परवा फोनवर विचारलं. मी म्हटलं, मोजलेलं नाही. ती हसली आणि म्हणाली, “मीही नाही.”